कार्बनखालची प्रत

ट्रंकेत सगळ्यात वर फाईल असते,
खाली त्यांचा हिरवा स्वेटर, डांबरगोळ्या.
झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, आणि भोईटे.
पुढं नाव लिहायला जागा उरली नव्हती.

आज तिसऱ्यांदा साताऱ्याला.
एसटीत पुढून दुसरं बाकडं धरलं,
डावा पाय लांब करायला तिथंच जमतं.
बुटात तीन बोटांच्या जागी मी चिंधी कोंबते,
जुनी बनियन फाडून, रोज नव्यानं.
बोटं बर्फात राहिली.
उजवा कान त्याच्याही आधी, तोफेपाशी.

सैनिक कार्यालयातले कोकाटे स्वतः माजी हवालदार.
म्हणाले, वहिनी, जखम सगळ्यांना मान्य आहे हो.
पण भाग क बघा :
अर्जदार कोणतीही नोकरी करण्यास असमर्थ असल्याचा पुरावा.
पुरावा!
मी फाईल उघडली.

रहिमतपूरची बँक, दारात बंदूक घेऊन, अकरा महिने.
मॅनेजर उजवीकडून हाका मारायचा.
साखर कारखान्याचा वजनकाटा, एक हंगामसुद्धा नाही,
रात्रपाळीनंतर मोजा सोलून काढावा लागायचा.
मग शाळेत शिपाई.
घंटा वाजली का नाही
हे त्यांना हाताला हादरा बसल्यावर कळायचं,
म्हणून चारदा जास्तच द्यायचे. पोरं खूश.

तिन्ही दाखले जोडलेत. तिन्हींवर गोल शिक्का :
वर्तणूक उत्तम. काम समाधानकारक.
स्वखुशीने सोडले.

कोकाट्यांनी चष्मा काढून पुसला.
ह्या कागदांवर तर, वहिनी,
उद्या कुणीही ह्यांना कामाला ठेवील.

हेडमास्तरांकडे मी एकटी गेले होते.
म्हटलं, खरं काय ते लिहा, नाही जमलं त्यांना.
ते खुर्चीतून उठलेच.
मेजरबद्दल असं लिहू? हात धजत नाही माझा.
आमच्याकडं प्रत्येक फौजी मेजर असतो.
हे नायक होते. नायकच निवृत्त झाले.
पण त्या एका शब्दाच्या मानापायी
आमची फाईल दोन वर्षं जागची हललेली नाही.

आणि बोर्डाच्या दिवशी?
गाडीत सबंध वाट मी डाव्या कानात सांगत होते,
आज काठी सोडू नका.
घरी चालता तसंच चाला.
पायरीला थांबता, तिथं थांबा.
हो हो म्हणाले.
दार उघडलं. आत वर्दीतला डॉक्टर, खांद्यावर पितळ.
ह्यांनी काठी भिंतीला लावली,
आणि टाचा जुळवल्या.
तिथल्या फरशीवर तो आवाज मी ऐकला,
त्यांनी ऐकला नसेल.
डॉक्टरनं मान खाली घालून लिहिलं,
मी घरी येऊन पोराकडून अर्थ लावून घेतला :
आधाराविना ताठ उभे राहतात.

आता घरच्या माणसाचा जबाब चालेल म्हणतात.
काल रात्री आखीव कागद घेतला,
अंगणवाडीतला कार्बन घातला खाली.
मी, खाली सही करणार, सौ. कुसुम धनाजी भोईटे,
लिहून देते की
पहाटे तीनला हे पलंगाच्या कडेवर बसून
बोटं मोजतात, सातावर थांबतात,
पुन्हा पहिल्यापासून मोजतात.
गिरणीतून पाच किलो पीठ आणवत नाही.
गॅसवर दूध उतू जातं, त्यांना शेजारची येऊन सांगते.
मोरीत पडतात. महिन्यातून दोनदा, तीनदा.

वरचा कागद त्यांच्यापुढं ठेवला.
बराच वेळ वाचत राहिले.
मग माझ्याच पेनानं
एक शब्द खोडला, वर नीट अक्षरात लिहिला.
पडतात च्या जागी : बसतात.
सही केली. पेनाला टोपण लावलं.
झोपायला गेले, भिंत धरत.

कार्बनखालच्या प्रतीवर
पडतात तसंच आहे, निळं, जरा फिसकटलेलं.
दोन्ही फाईलमध्ये ठेवलेत.
कोणता जोडायचा ते
सोमवारी गाडीत ठरवीन,
त्यांच्या उजव्या बाजूला बसून.